कुलवृत्तांतात येरवड्याला गेलेल्यांची नोंद करायची की नाही?

मुठाकाठची
आमच्या कुलवृत्तांताची दुसरी आवृत्ती निघतेय आणि आमच्या शाखेची माहिती गोळा करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. फॉर्म भरून घ्या, फोटो मागा, अमेरिकेतल्या चुलतभावांच्या मागे लागा, सगळं चालूय. अडलंय एकाच माणसापाशी. आजोबांचे सगळ्यात धाकटे भाऊ. पहिल्या आवृत्तीत त्यांचं नाव, जन्म १९१९, पुढे 'अविवाहित' आणि पूर्णविराम. बाकीच्या भावांचं शिक्षण, नोकरी, कोण कुठल्या बँकेतून कुठल्या हुद्द्यावर रिटायर झालं इथपर्यंत छापलंय.

घरात सगळ्यांना माहितीये की ते येरवड्याला होते. म्हणजे जेल नव्हे, मनोरुग्णालय. (जेलमध्ये असते तर एव्हाना बेचाळीसची चळवळ म्हणून दिवाणखान्यात फोटो लावून हार घातला असता.)

विचारलं की एकच उत्तर, कागद सगळे पानशेतात गेले. १२ जुलै १९६१ ला आमच्या नारायण पेठेतल्या वाड्यात पाणी शिरलं हे खरंय, पण पुण्यातल्या घरांची निम्मी गुपितं पानशेतातच कशी काय गेली देव जाणे. आमच्याकडे माळ्यावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा निघाला, त्यात मनीऑर्डरच्या पोचपावत्या. पणजोबा दर महिन्याला सुपरिंटेंडेंटच्या नावे पैसे पाठवायचे. काही पावत्यांच्या मागे भेटीला जाऊन आल्यावर त्यांनी जांभळ्या पेन्सिलीने बारीक अक्षरात टिपून ठेवलंय, 'धोतरजोडी दिली', 'चष्मा मागतो', 'बोलला नाही'. एकीवर फक्त 'ओळखले'.

शेवटची पावती १९५४ ची, पणजोबा त्याच साली गेले. पुढे कोणी पैसे पाठवले, कोणी भेटायला गेलं, ते वारले कधी, कशाचाच पत्ता नाही.

मी म्हणतेय लिहायचं. आत्याही म्हणते लिही. थोरले काका म्हणतात घरात लग्नाची मुलगी आहे. (ती बर्लिनला असते आणि तिला काडीचा फरक पडत नाही.) तुमच्याकडे असं कोणी होतं का, आणि तुम्ही काय केलंत?

निवांत_नाना
कोळसा उगाळावा तितका काळाच. मी आमच्या कुलवृत्तांताच्या संपादक मंडळात होतो. लोक फॉर्मवर 'डोक्याने अधू', 'भ्रमिष्ट', 'घर सोडून गेला' असं काहीबाही लिहून पाठवायचे, आम्ही ते गाळून नाव तेवढं ठेवायचो. आजही तेच करीन. गेलेला माणूस येऊन सांगू शकत नाही की छापा म्हणून.

आणि एक, आजच्या चष्म्यातून पणजोबांकडे बघू नका. १९५२ साली फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझीन पहिल्यांदा पेशंटला दिलं तोवर या आजारावर औषध म्हणावं असं काही नव्हतंच. झोपवायला ब्रोमाइड नाहीतर पॅराल्डिहाइड, त्याचा उग्र वास तोंडाला दुसऱ्या दिवशीपर्यंत यायचा, पुढे शॉक आले. वाड्यात दोन खोल्या, दहा-बारा माणसं, आत बाळंतीण, आणि तरणाताठा मुलगा रात्रभर भिंतीशी बोलतोय. कुठं ठेवणार होते त्याला?

आलं_घालून_चहा
नाना, पणजोबांना नावं कोण ठेवतंय? ते दर महिन्याला पैसे पाठवत होते, जाऊन येत होते. ते गेल्यावर जे घडलं (किंवा घडलं नाही) त्याबद्दल ती विचारतेय.

डेक्कनचा_डॅंबिस
येरवड्याला काय, आमच्या ऑफिसातल्या अर्ध्या लोकांना तिथं नेऊन टाकायला हवं. ह.घ्या.

आलं_घालून_चहा
नाही घेतलं. हलकंही नाही आणि जडही नाही.

कलमबहाद्दर
जरा कायद्याचं सांगतो, म्हणजे शोधताना कुठला कागद मागायचा ते कळेल.

तुमचे धाकटे आजोबा दाखल झाले तेव्हा १९१२ चा इंडियन लूनसी ॲक्ट होता. घरच्यांनी आणलं तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचा, सोबत दोन डॉक्टरांचे दाखले, त्यावर मॅजिस्ट्रेट रिसेप्शन ऑर्डर काढणार आणि ती झाली की माणूस आत. दुसरी वाट पोलिसांची. रस्त्यात भटकताना कोणी सापडला तर धरून मॅजिस्ट्रेटपुढे उभा करायचा. म्हणजे दोन्हीकडे कोर्टाचा कागद असतो. हा कायदा किती टिकला बघा, १९८७ चा मेंटल हेल्थ ॲक्ट पास झाला तरी लागू व्हायला १९९३ उजाडलं, तोवर सगळा कारभार १९१२ च्याच हिशोबाने.

आत्ताचा कायदा २०१७ चा. त्याच्या मसुद्याच्या कामात आपल्या लॉ कॉलेज रोडवरच्या आयएलएस लॉ कॉलेजातल्या मानसिक आरोग्य कायद्याच्या सेंटरचा मोठा हात होता, हे पुण्यातही फारसं कोणाला माहीत नसतं. त्यात कलम १९ असं आहे की घरच्यांनी टाकलं, घर नाही किंवा घरचे न्यायला तयार नाहीत एवढ्याच कारणावरून कोणाला मनोरुग्णालयात ठेवून घेता येणार नाही. हे कलम घालावं लागलं यातच काय ते आलं.

क्वार्टरवाला
माझे वडील एका मनोरुग्णालयात अटेंडंट होते, कुठल्या ते सोडा. राज्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चारच, येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी, त्यातलं एक. आम्ही आवारातच क्वार्टरमध्ये वाढलो. शाळेत पत्ता सांगितला की पोरं हसायची म्हणून मी अलीकडचा बसस्टॉप सांगायचो.

आतलं सांगायचं तर सकाळ-संध्याकाळ मोजणी व्हायची, बराकीबाहेर ओळीत बसवून. भाजीच्या वाफ्यात, विणकामात, किचनमध्ये बरेच जण काम करायचे, त्यातले कितीतरी चांगले बरे झालेले होते आणि सगळ्यांना ते माहीत होतं. ऑफिसमधून घरी पत्र जायचं की तुमचा पेशंट सुधारलाय, घेऊन जा, आणि पत्र परत यायचं. पोस्टमनचा शेरा, 'या नावाचे कोणी राहत नाही'. दाखल करताना पत्ताच खोटा दिलेला. काही वेळा पत्ता खरा असायचा, पण घरचे सांगायचे की हे कोण आम्हाला माहीत नाही. वडील सांगायचे की खोटा पत्ता सापडला तर निदान पेशंटला सांगता येतं, घरच्यांनी जागा बदलली असेल. खऱ्या पत्त्याचं काय सांगणार?

आमच्याकडे कपड्यांना इस्त्री करायला एक जण यायचे, त्यांना आम्ही काका म्हणायचो. पूर्वी छापखान्यात कंपोझिटर होते. खिळ्यांची अक्षरं उलटी वाचायची सवय, त्यामुळे आमचं पुस्तक समोरून, उलटं धरलेलं घडाघडा वाचायचे आणि मधेच थांबून म्हणायचे, इथं वेलांटी चुकलीये. बालभारतीच्या पुस्तकात! आम्ही मास्तरांना दाखवलं तर खरंच चुकलेली. सणाला आई त्यांना पान वाढायची, ते व्हरांड्यात बसून जेवायचे, आत कधी आले नाहीत. एक दिवस यायचे बंद झाले. वडिलांनी सांगितलं गेले, आणि लगेच विषय बदलला. त्यांचं आडनाव मला आजही माहीत नाही.

मुठाकाठची
क्वार्टरवाला, वेलांटीचं वाचून कितीतरी वेळ तशीच बसले. वडिलांच्या बरोबरचं कोणी असेल तर आडनाव विचाराल का?

टोरांटोची_टिल्लू
इथलं सांगते. टोरांटोच्या उत्तरेला ऑरिलिया म्हणून गाव आहे, तिथं ह्युरोनिया नावाची मतिमंदांची मोठी सरकारी संस्था होती, १८७६ ची. २००९ ला कायमची बंद झाली. तिथं लहानपण काढलेल्या दोन बायकांनी सरकारवर खटला भरला, मारहाण, उपासमार, काय काय सोसलं होतं त्यांनी. वकिलांनी नव्हे हां, ज्यांना 'यांना काही कळत नाही' म्हणून आत टाकलं होतं त्या बायकांनी स्वतः. २०१३ मध्ये साडेतीन कोटी डॉलरची तडजोड झाली आणि प्रांताच्या प्रीमियरने विधिमंडळात उभं राहून माफी मागितली.

मी तिथलं कब्रस्तान बघून आले. जुन्या दगडांवर नावंच नाहीत, नुसते आकडे. मधल्या काळात काही दगड उपटून पायवाटेच्या फरशीला वापरले होते. आता जे जिवंत आहेत तेच एकेका आकड्याचं नाव शोधत बसलेत, दर वर्षी जमतात, फुलं ठेवतात. माझ्याबरोबर आलेल्या मैत्रिणीने विचारलं की तुमच्याकडे अशी जागा कुठं आहे. आपल्याकडे तर आकड्याचा दगडसुद्धा नाही, आपण जाळून मोकळे होतो.

सुश्रुताचा_नातू
जाळतातच असं नाही टिल्लू. १९४९ चा ॲनाटॉमी ॲक्ट आहे आपल्याकडे. हॉस्पिटलात किंवा सरकारी संस्थेत कोणी वारलं आणि ठरलेल्या मुदतीत शरीर मागायला कोणी आलं नाही तर ते मेडिकल कॉलेजला देता येतं. आमची फर्स्ट इयरची बॅच अशाच देहांवर शिकली. आता देहदानाचे फॉर्म भरणारे वाढलेत, तेव्हा बहुतेक बेवारसच यायचे. आमच्या टेबलावरच्या माणसाच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला पत्र्याचा बिल्ला होता. उजव्या हाताच्या तळव्यावर घट्टे, जसे वर्षानुवर्षं माग ओढणाऱ्याला पडतात. सर म्हणाले, बघा, हा कामाचा माणूस होता. एवढीच ओळख. कुठल्या संस्थेतून आला होता ते आम्ही विचारलं नाही, ते वय तसलं नसतं.

निवांत_नाना
हे वाचून बरं वाटलं नाही. पण एक सुचवतो. ज्यांची तिथी माहीत नाही त्यांचं सर्वपित्रीला करतात. गेलेला माणूस परत आलाच नाही तर पालाशविधीसुद्धा (पळसाच्या पानांची प्रतिमा करून तिचं दहन) सांगितलाय शास्त्रात. घरात तेवढं करा. छापायचा अट्टहास कशाला?

आलं_घालून_चहा
म्हणजे पितरांना कळलं तरी चालेल, नातवंडांना कळता कामा नये.

निवांत_नाना
तुमची जीभ भलतीच तिखट आहे हो. आलं जास्त झालंय.

गोखलेनगरची_बाई
मी विशेष मुलांच्या शाळेत शिकवायचे, आता रिटायर. धागा छान चाललाय पण मला एक खुपतंय. कुलवृत्तांतात यायला आधी कूळ लागतं. मुठाकाठचीच्या आजोबांच्या मागे डबाभर पावत्या तरी आहेत. संस्थांमध्ये निम्म्याहून जास्त आयुष्य काढलेल्या कितीतरी मुली अशा होत्या की स्टेशनवर सापडल्या, बोलता येत नव्हतं, संस्थेतल्या मावशीने ठेवलेलं नाव तेच नाव. त्यांची नोंद कुठल्या शाखेत करणार?

१९९४ चं शिरूर किती जणांना आठवतंय? पुणे जिल्ह्यातलंच शिरूर. तिथल्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं ससूनमध्ये काढली. कारण हे दिलं की पाळीच्या वेळची स्वच्छता त्यांना स्वतःची स्वतः ठेवता येत नाही. महिला संघटना रस्त्यावर उतरल्या, देशभर गाजलं, मग पुढची ऑपरेशनं थांबली. आम्ही शिक्षिका त्या काळात एकमेकींशी भांडलो. काही जणी खरंच म्हणायच्या की बाई, तुम्ही एकीचं करून बघा, मग बोला. मी एकीचं नाही, वर्गभर मुलींचं केलंय. चित्रं लावून, रोज त्याच वेळी, त्याच बाथरूममध्ये, महिनोन् महिने शिकवावं लागतं आणि बहुतेक जणी शिकतात. त्याला माणसं लागतात, पगार लागतो, साधं पाणी लागतं. ऑपरेशन स्वस्त पडतं.

आणि मोजायचं म्हणाल तर इंग्रजांनी १८७२ ते १९३१ जनगणनेत वेडे, मुके-बहिरे, आंधळे, महारोगी असे रकाने ठेवले होते. १९४१ पासून ते गेले. १९८१ ला अपंग परत मोजले पण आंधळे, लुळे, मुके एवढेच, १९९१ ला तेही नाही. मतिमंद आणि मनोरुग्ण परत रकान्यात आले ते थेट २००१ ला. म्हणजे मधल्या सत्तर वर्षांत ही माणसं सरकारी कागदावरही नव्हती.

मुठाकाठची
बाई, याचं उत्तर माझ्याकडे नाही. कुलवृत्तांत हे फार तोकडं साधन आहे हे मान्य. पण माझ्या हातात सध्या तेवढंच आहे आणि त्यातही भांडावं लागतंय.

बंडगार्डन_पूल
बराच विचार करून लिहितोय. मी स्वतः दोनदा ॲडमिट होतो, एकदा माझ्या मर्जीविरुद्ध. जागा सांगत नाही. आता गोळ्या चालू आहेत, क्लासमध्ये गणित शिकवतो, बरं चाललंय.

तुम्ही सगळे लिहायचं की नाही यावर भांडताय. मला विचाराल तर काय लिहायचं यावर भांडा. उद्या माझ्या पुतण्याने कुलवृत्तांतात 'स्किझोफ्रेनिया, अमुक साली दाखल' एवढंच छापलं तर मी वरून येऊन त्याच्या पाठीत धपाटा घालीन. आणि नुसतं 'अविवाहित' छापलं तरी घालीन. लिहा की दहावीच्या पोरांना भूमितीची धास्ती वाटू नये म्हणून हा माणूस कागदाच्या घड्या घालून प्रमेयं शिकवायचा, आणि मधली काही वर्षं तो हॉस्पिटलात होता. दोन्ही. त्याच क्रमाने.

दुसरं असं की आठवण मेलेल्यांचीच का? ६ ऑगस्ट २००१ ला तामिळनाडूत एरवाडीला शेडमध्ये साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत गेले, त्यांना पळताही आलं नाही. तेव्हा मी कॉलेजात होतो, अजून आजारी पडलो नव्हतो, पेपर वाचून पान उलटलं. पुण्यात भार्गवी दवर यांनी मानसिक आरोग्यावर काम करणारा बापू ट्रस्ट काढला तो आईच्या नावाने, जिने स्वतः हे सगळं भोगलं होतं. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. वारलेल्या काकाचं नाव छापणं सोपं, आत्ता आत असलेल्या काकाला दिवाळीत भेटायला जाणं अवघड. त्याला न्यायला नका जाऊ हवं तर. नुसतं भेटून या.

डेक्कनचा_डॅंबिस
वरचा माझा प्रतिसाद संपादकांनी उडवला तर चालेल.

मुठाकाठची
काल आत्याकडे जाऊन आले. बंडगार्डन_पूल, तुमचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, मग असं लिही की तो घड्याळं दुरुस्त करायचा. हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं! नूमवि शाळेत असताना शेजारपाजारची बंद पडलेली गजराची घड्याळं आणून उघडून बसायचे म्हणे, आणि आत्याच्या बारशाला त्यांनी तिच्या आईला एक दुरुस्त केलेलं घड्याळ दिलं होतं. चष्मा मागत होते तो बहुतेक त्यासाठीच. हा माझा तर्क.

तर नोंदीचा कच्चा मसुदा असा. 'जन्म १९१९. शिक्षण नू. म. वि. घड्याळ दुरुस्तीची उत्तम जाण. १९४३ पासून येरवडा येथील मनोरुग्णालयात. वडील १९५४ पर्यंत नियमित भेटीस जात. मृत्यूची नोंद मिळाली नाही.' थोरल्या काकांनी 'मनोरुग्णालयात' ऐवजी 'येरवडा येथे वास्तव्य' सुचवलंय. हो म्हणू का?

निवांत_नाना
'येरवडा येथे वास्तव्य' नको. लोक जेलच समजतील. छापताच आहात तर सरळ छापा. आणि 'नियमित भेटीस जात' हे वाक्य कोणी काही म्हणालं तरी काढू देऊ नका. 'मृत्यूची नोंद मिळाली नाही' हे मात्र शोधल्याशिवाय लिहू नये, संपादक म्हणून सांगतो.

क्वार्टरवाला
वडिलांच्या बरोबरचे एक जण विश्रांतवाडीला असतात, नव्वदीचे आहेत. फोन केला होता. कंपोझिटर काका त्यांना आठवतात, आडनाव आठवेना. सांगितलंय आठवलं तर कळवा.

मुठाकाठची
@कलमबहाद्दर, मृत्यूच्या नोंदीसाठी माहिती अधिकारात अर्ज करता येईल का? खासगी माहिती म्हणून फेटाळतील ना?

कलमबहाद्दर
फेटाळायला बघतील, माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(जे) दाखवतील, म्हणजे खासगी माहितीचं. तुम्ही ८(३) दाखवा. वीस वर्षांपूर्वी घडलेल्या गोष्टींची माहिती मोजके अपवाद सोडले तर द्यावी लागते, आणि खासगी माहितीचं कलम त्या अपवादांत नाही. अर्ज जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. नाव, वडिलांचं नाव, दाखल झाल्याचं साल, आणि तीनच गोष्टी मागा. रिसेप्शन ऑर्डरची प्रत, डिस्चार्ज किंवा मृत्यूच्या रजिस्टरमधली नोंद, आणि रजिस्टर नष्ट केलं असेल तर ते नष्ट केल्याच्या आदेशाची प्रत. ही तिसरी विसरू नका, 'रेकॉर्ड उपलब्ध नाही' एवढ्या एका ओळीवर बोळवण करता येत नाही मग. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. आणि महाराष्ट्रात अर्जाला १५० शब्दांची मर्यादा आहे, तेव्हा घड्याळांचं त्यात घालू नका.